थंडीत गाडी सकाळी स्टार्ट होत नाही? इंजिन हीटर मागवायच्या आधी अर्थिंगची पट्टी बघा

डिसेंबर लागला की मला हमखास कोणाचा तरी सकाळी साडेसहाला फोन येतो, मागे सेल्फचा घुर्र घुर्र आवाज चालू असतो आणि प्रश्न ठरलेला, गाडी थंडीने धरलीय, इंजिनला हीटर बसवून घेऊ का. दापोलीत ही तक्रार जास्त आहे कारण खाली किनाऱ्यापेक्षा इथे गारवा जास्त, पण गुहागर मालवणकडचे लोक पण विचारायला लागलेत. तर आधी उत्तर सांगून टाकतो, कोकणात कुठेही, अगदी दापोलीतल्या सगळ्यात गार पहाटे पण, इंजिन हीटरची गरज नाही. गाडी स्टार्ट होत नाही हे खरं आहे पण तिचं दुखणं वेगळं आहे. ते शोधायला मला स्वतःला तीन हिवाळे लागले, तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

माझी गाडी २००९ ची डिझेल, जुनी पण दणकट, कलमांच्या बागेत खत न्यायला आणि पाहुण्यांना खेड स्टेशनवरून आणायला ठेवलेली. पहिल्या हिवाळ्यात सकाळी सेल्फ जड फिरायला लागला, गॅरेजवाल्याने सांगितलं बॅटरी गेली, साडेपाच हजार घालून नवीन टाकली. चार दिवस बरी चालली मग परत तेच. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि गाडी आपोआप सुधारली म्हणून आम्ही पण विसरलो. दुसऱ्या हिवाळ्यात सेल्फ उतरवून कार्बन बदलले, बुश बदलले, परत थोडा फरक, परत फेब्रुवारीत आपोआप बरी. तिसऱ्या वर्षी पहाटेची गाडी पकडायची होती आणि खळ्यात मी, बायको आणि शेजारचे काका असे तिघे धक्का मारतोय, काका म्हणाले अरे इंजिनखाली निखाऱ्याची शेगडी ठेव जरा. तेव्हा ठरवलं की आता नीट बघायचंच.

हीटरचं खूळ आमच्या घरात आलं ते आतेभावामुळे. तो कॅनडात एडमंटनला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला गाडीचं रडगाणं सांगितलं तर म्हणाला, अरे ब्लॉक हीटर लाव की, इकडे सगळ्यांच्या गाडीला असतो. खरंच असतो. तिकडे गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन लोंबत असते, रात्री ती सॉकेटमध्ये लावतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये सुद्धा खांबाला प्लग दिलेले असतात. प्रकार साधा आहे, आपला पाणी तापवायचा रॉड असतो ना तसंच छोटं एलिमेंट इंजिन ब्लॉकच्या कूलंटमध्ये बसवलेलं असतं, ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचं असतात त्यातलं एक काढून तिथे हे बसतं, साधारण ४०० ते १००० वॅटचं. अमेरिकेत नॉर्थ डाकोटात अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने अशा हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं, त्याचा हीटर इंजिनच्या हेडच्या, म्हणजे वरच्या भागाच्या, बोल्टच्या जागी बसायचा. नॉर्थ डाकोटा म्हणजे उणे ३० ची थंडी, त्याला गरज होतीच.

तिकडे सुद्धा रोज रात्रभर लावत नाहीत हं. आतेभाऊ सांगतो की उणे १५ च्या खाली गेलं की तो लावतो आणि ते पण टायमर लावून, निघायच्या तीन चार तास आधी, नाहीतर बिल फुकट चढतं. आजकालच्या पेट्रोल गाड्या पातळ ऑइलवर उणे २० ला सुद्धा हीटरशिवाय स्टार्ट होतात, फक्त इंजिनची झीज जास्त होते आणि आत गरम हवा यायला वेळ लागतो म्हणून लोक लावतात. म्हणजे अतिथंड देशात पण "लागतोच" असं सरसकट नाही, किती अंश, कुठलं ऑइल, डिझेल की पेट्रोल यावर आहे. सायबेरियात याकुत्स्कला उणे ४० असतं तिथे लोक इंजिनवर गोधडी घालतात, गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवतात नाहीतर सरळ बंदच करत नाहीत.

आता आपल्याकडचा हिशोब करा. दापोली साधारण ८०० फुटांवर आहे म्हणून इथे कधीमधी पारा १० च्या खाली उतरतो, उतरला की पेपरात मिनी महाबळेश्वर गारठलं म्हणून बातमी येते. हर्णै, रत्नागिरी, मालवणला १७-१८ झालं तरी लोक कानटोप्या काढतात. हे सगळं शून्याच्या वरचं आहे. एडमंटनला उणे ३० मध्ये तीन चार तास हीटर लावून इंजिन मोठ्या मुश्किलीने जेवढं गरम होतं तेवढं आपलं इंजिन पहाटे खळ्यात उभ्या उभ्या असतंच, अजून काय तापवायचं?

पण आपल्या लोकांचा गैरसमज होतो तो खोबरेल तेलामुळे असं माझं पक्कं मत आहे. सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, मग वाटतं इंजिन ऑइल पण असंच गोठलं असणार. खोबरेल साधारण २४ अंशालाच गोठतं, त्याचा गुण तो, इंजिन ऑइलचं गणित वेगळं आहे. डब्यावर १५ डब्ल्यू ४० लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि १५ डब्ल्यूच्या ऑइलची थंडीतली सेल्फ फिरवायची चाचणी उणे २० अंशाला घेतात, ५ डब्ल्यूची उणे ३० ला. म्हणजे आपल्या जुन्या डिझेल गाड्यांचं साधं ऑइल सुद्धा दापोलीच्या थंडीच्या तीस अंश खालपर्यंत तपासलेलं आहे. बॅटरीचं पण तेच, तिच्यावर सीसीए म्हणजे थंडीत सेल्फ फिरवायच्या ताकदीचा जो आकडा असतो तो उणे १८ अंशाला मोजतात, त्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते हे खरं, पण १० अंशाला किरकोळ फरक पडतो.

डिझेल मात्र खरंच खोबरेलसारखं वागतं, त्यात मेण असतं, ते थंडीत बाहेर येऊन फिल्टर चोंदतो. म्हणून आपल्याकडे डिझेलच्या सरकारी मानकात उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं असा फरकच केलेला आहे, हिवाळ्याचं डिझेल ६ अंशापर्यंत तरी फिल्टरमधून गेलं पाहिजे, उन्हाळ्यातल्याला १८ पर्यंत सूट आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं डिझेल काढलं ते उणे ३३ पर्यंत वाहतं. त्याच्या आधी तिकडचे ड्रायव्हर टाकीखाली स्टोव्ह नाहीतर जाळ करायचे. कोणी चिपळूणची टाकी फुल करून जानेवारीत लेहला जाणार असेल तर त्याने हीटरपेक्षा डिझेलची काळजी करावी, बाकीच्यांनी हा पॅरा सोडून दिला तरी चालेल.

मला पहिला धागा सापडला तो मेव्हण्यामुळे. त्याची तीच गाडी, तेच मॉडेल, हर्णैला बंदरापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. त्याचा फोन आला, "दाजी, माझी पण सकाळी हटून बसते." मी म्हटलं अरे तुझ्याकडे कुठे थंडी आहे, १८-१९ अंश तर असेल. आणि बोलता बोलता डोक्यात आलं की थंडी गुन्हेगार असती तर त्याची गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट व्हायला पाहिजे होती आणि माझीच अडायला पाहिजे होती, उलट त्याची माझ्यापेक्षा जास्त अडते. दोघांच्यात सारखं काय तर खारी हवा आणि चार महिने पावसात भिजलेली गाडी. पावसाळ्यात गंज धरतो, गणपतीनंतर गाडी महिना महिना उभी, आणि लगेच गारवा सुरू होतो म्हणून आळ थंडीवर येतो. थंडीने ऑइल थोडं जड होतं, बॅटरी थोडी नरम पडते, एवढं थोडं पण जे गंजलेलं कनेक्शन झेपवू शकत नाही ते उघडं पडतं, आणि फेब्रुवारीत परत झाकलं जातं, म्हणून दुखणं दरवर्षी येतं आणि दरवर्षी आपोआप बरं झाल्यासारखं वाटतं.

आता बघायचं कसं. आधी कान लावा. सेल्फ हळू, जड फिरतोय का नेहमीसारखा जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक दोन्हीला थंडीने धरली म्हणतात.

जड फिरत असेल तर बॅटरी आणि वायरिंग. मल्टिमीटर घ्या, दोन तीनशे रुपयांचा चालतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२ म्हणजे जवळजवळ संपलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इथपर्यंत सगळे गॅरेजवाले करतात, आणि आकडा खाली दिसला की बॅटरी बदला म्हणतात, आणि आकडा चांगला असला की सेल्फ उतरवतात. मधली चाचणी कोणी करत नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे, ०.२ असला तर उत्तम. माझा १.८ आला! म्हणजे बॅटरी ताकद देतेय पण जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खातोय कोणीतरी. गाडीखाली सरपटत गेलो तर गिअरबॉक्स ते चासिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, करंट परत न्यायला जी विणलेल्या तारेची अर्थिंगची पट्टी असते ती हिरवी पडून अर्धी तुटलेली, हात लावला तर भुगा पडला. साडेपाच हजाराची बॅटरी, सेल्फचे बावीसशे, आणि खरं दुखणं १८० रुपयांच्या पट्टीत.

पट्टी बदलताना दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची, नट घट्ट करायचा आणि मग वरून ग्रीस नाहीतर व्हॅसलीन. आधी ग्रीस आणि मग नट असं करू नका. बॅटरीच्या खांबांवर पांढरं हिरवं पीठ आलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फसफसतं आणि निघून जातं, पण आधी मायनसची वायर काढून. किनाऱ्याला राहणाऱ्यांनी हे दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा करतानाच करून टाकावं, तेव्हा तसंही बॉनेट पुसतोच आपण.

माझी गाडी पट्टीने ऐंशी टक्के सुधारली. उरलेले वीस टक्के दुसऱ्या तक्रारीत होते, म्हणजे सेल्फ आता मस्त फिरतोय पण इंजिन दहा बारा सेकंद पकडत नाही. इथे सायलेन्सरकडे बघायला एक माणूस उभा करा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये. या एका गोष्टीवर निम्मं काम होतं.

पांढरा धूर असेल तर हीटर प्लग बघा. आणि इथे खरी गंमत आहे, कारण आपल्या मेकॅनिक लोकांच्या भाषेत ग्लो प्लगला हीटर म्हणतात. मेकॅनिक सांगतो "हीटर गेलाय", गिऱ्हाईक घरी जाऊन इंटरनेटवर इंजिन हीटर शोधतं आणि कॅनडातल्या वस्तूंचे फोटो बघून घाबरतं. अहो, तो हीटर वेगळा आणि हा वेगळा. डिझेलला पेट्रोलसारखी ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि त्यात डिझेल पेटतं, इंजिन गार असताना मदत म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढा प्लग काही सेकंदात लाल होतो. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह येतं ते त्याचंच, ते विझेपर्यंत थांबायचं असतं आणि आपण थांबत नाही. माझ्या गाडीसारख्या जुन्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, अशा इंजिनाला प्लग जवळजवळ बारा महिने लागतात. नवीन कॉमन रेल गाड्या, म्हणजे डिझेल मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या, मात्र शून्याच्या वर प्लगशिवाय पण बहुतेक स्टार्ट होतात, तेव्हा नवीन गाडी १५ अंशाला अडत असेल आणि कोणी नुसते प्लग बदला म्हणत असेल तर बॅटरी आणि डिझेल लाइन आधी बघून घ्या.

सोपी चाचणी म्हणजे चावी ऑन करा, चिन्ह विझू द्या, ऑफ करा, परत ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडलं तर प्लग कमजोर आहेत. पुढची चाचणी जुन्या गाडीत घरी होते, प्लगना जोडणारी पट्टी काढा, इंडिकेटरच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला, बल्ब लागला तर प्लग ठीक, नाही लागला तर गेला. माझे चारातले दोन गेलेले होते. आणि प्लगचं अर्थिंग पण त्याच इंजिन ब्लॉकमधून येतं, म्हणजे सडकी पट्टी सेल्फला पण मारत होती आणि उरलेल्या दोन प्लगना पण. प्लग काढताना घाई करू नका, खाऱ्या हवेत ते असे धरतात की जोर लावला तर हेडमध्येच तुटतात आणि मग हेड उतरवायची वेळ. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, इंजिन कोमट असताना काढा, अडला की जरा उलटा फिरवा परत सोडा.

धूरच नसेल तर गाडी एअर घेतेय, म्हणजे रात्रीत डिझेल टाकीकडे मागे उतरतं आणि लाइनमध्ये हवा जाते. कोकणात याची फुकट चाचणी आहे, आपली घरं उतारावर. एक रात्र नाक उताराकडे करून लावा, एक रात्र चढाकडे. टाकी मागे असते, त्यामुळे नाक खाली असताना गाडी झटकन स्टार्ट झाली आणि नाक वर असताना रडली तर प्रश्न मिटला, पाइप, क्लिप, फिल्टरची वॉशर बघा. डिझेलच्या लाइनवर हातपंप असेल तर सकाळी तो कडक होईपर्यंत मारून बघा. फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी पण काढा, पावसाळ्यानंतर हमखास निघतं. आणि मेव्हण्याच्या गाडीत हे एअरचं काहीच नव्हतं, उंदराने हीटर प्लग चालू करणाऱ्या रिलेची वायर कुरतडली होती, अर्थिंगची पट्टी बदलून झाल्यावर हे सापडलं.

दोन गोष्टी अजिबात करू नका. हीटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका, लाल प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टन फुटतो. आणि काकांची शेगडी सुद्धा नको, खाली ऑइल डिझेल ठिबकलेलं असतं.

पेट्रोलवाल्यांचं थोडक्यात, बॅटरी आणि अर्थिंगची चाचणी तीच, मग स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर. सीएनजीवाल्यांच्या बऱ्याच गाड्या सकाळी आधी पेट्रोलवर स्टार्ट होतात आणि मग गॅसवर जातात, पेट्रोलच्या टाकीत वर्षापूर्वीचं दोन लिटर तळाशी ठेवलं असेल तर दोष थंडीचा नाही. चाकरमानी मंडळींची जी गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावच्या घरी झाकून ठेवलेली असते तिची बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, घड्याळ आणि सेंट्रल लॉक थोडी थोडी ताकद पीतच असतात. हे सगळं करूनही पांढरा धूर आणि अडणं चालूच राहिलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, मग मात्र इंजिनाचंच वय झालेलं असू शकतं.

आणि हो, आतेभावाने गेल्या मे महिन्यात येताना प्रेमाने ४०० वॅटचा ब्लॉक हीटर आणलाच. बॉक्सवर बघितलं, १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. जवळजवळ दुप्पट व्होल्टला वॅट चौपटीच्या आसपास जातात, म्हणजे हा चौदाशे साडेचौदाशे वॅट ओढून पहिल्या पहाटेच जळला असता, सोबत कूलंट पण उकळलं असतं. त्याला म्हटलं तर म्हणाला, "अरे हो की, डोक्यातच नाही आलं." दिवाळीनंतर आत्या जाणार आहे तिकडे, तिच्या बॅगेत परत घालतोय, कोकमाच्या पाकिटांच्या खाली.